खाडीच्या तळाची माती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उथळ खाडीत उतरलं की पाय घोट्यापर्यंत ज्यात रुततो, त्याला चिखल किंवा गाळ म्हणून आपण मोकळे होतो. मृदाशास्त्र मात्र आता त्याला माती म्हणतं. कायम पाण्याखाली असलेली, पण माती. हे ऐकलं की लोक पुन्हा पुन्हा जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत.

पाण्याखाली आहे म्हणजे गाळच ना? त्याला माती कशाला म्हणायचं?

गाळ हा शब्द एवढंच सांगतो, की हे कुठून तरी वाहत आलं आणि इथे बसलं. ते खरंच आहे. पण नदीकाठचा पोयटाही असाच वाहून आलेला असतो, आणि त्याला माती म्हणताना कुणी अडखळत नाही. खरा प्रश्न बसल्यानंतर त्याचं काय झालं, हा आहे.

खाडीच्या तळाशी बरंच काही होतं. सागरी गवत मुळं धरतं, मरतं आणि तिथेच कुजतं. किडे आणि शिंपल्या बिळं करतात, खालचं वर आणतात आणि वरचं खाली नेतात. पाण्यातला ऑक्सिजन वरच्या थरात थोडासा शिरतो आणि तिथेच संपतो. त्याच्या खाली लोह आणि गंधक रूप बदलतात. या सगळ्यातून वरून खाली वेगवेगळे थर तयार होतात, आणि नुसत्या साचण्याने असे थर पडत नाहीत. रॉय सायमनसन या मृदाशास्त्रज्ञाने १९५९ साली माती घडण्याच्या चार क्रिया सांगितल्या होत्या: भर पडणे, घट होणे, एका थरातून दुसऱ्या थरात जाणे आणि रूपांतर होणे. या चारही क्रिया पाण्याखाली चालू असतात.

हा नुसता शब्दांचा वाद आहे असं मला वाटत नाही. गाळ म्हटलं की किती साचलाय आणि किती उपसायचा, एवढेच प्रश्न सुचतात. माती म्हटलं की ती कशी घडली, तिच्यावर कोण जगतं आणि ती जागेवरून हलवली तर काय होईल, हे विचारावंच लागतं. शेवटचा प्रश्न न विचारल्याने किती नुकसान होतं, ते पुढे येईलच.

ही कल्पना नवी आहे का?

तशी जुनी आहे. स्वीडनच्या हॅम्पस फॉन पोस्टने १८६२ सालीच तळ्यांच्या बुडाशी साचणाऱ्या सेंद्रिय द्रव्याचे ‘ग्युट्या’ आणि ‘डी’ असे प्रकार वेगळे केले होते. ऑस्ट्रियाचे वाल्टर कुबिएना यांनी १९५३ साली युरोपातल्या मातींचं वर्गीकरण मांडताना पाण्याखालच्या मातींना त्यात सरळ जागा दिली. जर्मन वर्गीकरणात ती जागा आजही आहे.

बाकीच्या जगाने फारसं लक्ष दिलं नाही. चित्र बदललं ते १९९०च्या दशकात. अमेरिकेत मेरीलंड राज्याच्या किनाऱ्यावर सिनेपक्सेंट नावाची उथळ खाडी आहे. तिथे जॉर्ज डेमास या मृदा सर्वेक्षकाने जमिनीवर वापरायची पद्धत जशीच्या तशी पाण्याखाली वापरून पाहिली. १९९३ साली त्यांनी ही कल्पना लेखातून मांडली आणि पुढे मार्टिन राबेनहॉर्स्ट यांच्यासोबत तिचा पाया घातला. १९९९ साली अमेरिकेच्या वर्गीकरणाने मातीच्या व्याख्येत उथळ पाण्याखालची जमीन घेतली. २०१० साली तिच्यासाठी दोन स्वतंत्र उपगण, म्हणजे वर्गीकरणातले उपगट, आले: खनिज मातीसाठी वॅसेंट आणि सेंद्रिय मातीसाठी वॅसिस्ट. ‘वॅस’ हा तुकडा पाण्यासाठीच्या ‘वासर’ या जर्मन शब्दातून घेतला आहे.

किती खोल पाण्यापर्यंत तिला माती म्हणायचं?

अमेरिकी वर्गीकरणात साधारण २.५ मीटरपर्यंत. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात २ मीटरपर्यंत.

हे आकडे ठरवताना विचार होता तो मुळं धरणाऱ्या वनस्पतींचा. त्या जिथपर्यंत जगू शकतात, तिथपर्यंत माती. प्रत्यक्षात ही हद्द पाणी किती नितळ आहे त्यावर सरकते. गढूळ खाडीत एका मीटरलाच उजेड संपतो, आणि नितळ समुद्रात सागरी गवत याहून कितीतरी खोल उगवतं. म्हणून २.५ मीटर ही सोयीसाठी आखलेली रेघ समजावी.

ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची जमीन यात येते का?

येत नाही. दिवसातले २१ तासांपेक्षा जास्त पृष्ठभागावर पाणी असलं, आणि हे दरवर्षी होत असलं, तरच ती या गटात बसते. खारफुटीखालची आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली जमीन रोज श्वास घेते, म्हणून ती वेगळी. तरी उधाणाच्या मोठ्या ओहोटीत एखादा तास उघडा पडणारा तळ या मातीतच मोजतात. फावड्याने खणून पाहायला तोच तास सोयीचा.

पाण्याखाली माती घडते तरी कशी? तिथे ना पाऊस, ना ऊन.

हान्स येनी या मृदाशास्त्रज्ञाने १९४१ साली जमिनीवरच्या मातीचे पाच कारक सांगितले होते: हवामान, सजीव, उंचसखलपणा, मूळ द्रव्य आणि काळ. डेमास आणि राबेनहॉर्स्ट यांनी ती यादी पाण्यासाठी नव्याने लिहिली. हवामानातलं फक्त तापमान उरलं. उंचसखलपणाच्या जागी पाण्याची खोली आणि तळाचा उतार आला. मग प्रवाह, पाण्याचे गुण म्हणजे खारेपणा आणि विरघळलेला ऑक्सिजन, आणि शेवटी मोठ्या आपत्ती.

यांपैकी प्रवाह आणि आपत्ती समजल्या की बाकीचं आपोआप उलगडतं. खाडीचा मधला, संथ पाण्याचा भाग घ्या. तिथे बारीक चिकण आणि सेंद्रिय कण बसतात, माती काळी आणि मऊ होते. मुखाजवळ भरतीचं पाणी जोराने आत घुसतं आणि वाळूचा पंखा पसरतं, तिथे पाय टाकला तर टणक लागतो. खाडीला समुद्रापासून वेगळं करणाऱ्या वाळूच्या बांधावरून वादळात लाटा उलटल्या, की एका रात्रीत वाळूची चादर पसरते आणि जुनी काळी माती खाली गाडली जाते. १९३३च्या ऑगस्टमध्ये आलेल्या चक्रीवादळाने मेरीलंडच्या किनाऱ्यावरची वाळूची लांब पट्टी फोडली आणि सिनेपक्सेंट खाडीच्या टोकाशी समुद्राला थेट वाट मिळाली. त्या दिवसापासून तिथला प्रवाह, खारेपणा आणि वाळूचा पुरवठा बदलला. तळाची माती हे सगळं नोंदवून ठेवते, फक्त ती वाचता यायला हवी.

सजीवांचं कामही कमी नाही. किड्याचं एखादं बीळ उभं चिरून पाहिलं तर काळ्या मातीत तपकिरी कडा असलेली एक बारीक नळी दिसते. किडा बिळात पाणी खेळवतो, पाण्याबरोबर ऑक्सिजन येतो आणि बिळाच्या भिंतीवरचं लोह गंजतं. एवढ्या एका नळीमुळे वरच्या काही मिलिमीटरपुरता असलेला ऑक्सिजन वीतभर खोल पोचतो.

ती इतकी काळी का असते? आणि तो सडक्या अंड्यासारखा वास?

दोन्हीमागे एकच गोष्ट आहे, ऑक्सिजनचा तुटवडा. हवेच्या मानाने पाण्यात ऑक्सिजन सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. मातीच्या वरच्या काही मिलिमीटरांत जिवाणू तो संपवून टाकतात. त्याच्या खालच्या जिवाणूंना सेंद्रिय द्रव्य खायला दुसरं काहीतरी शोधावं लागतं. आधी नायट्रेट, मग मँगनीज, मग लोह, मग सल्फेट. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं, त्यामुळे खाडीत या शेवटच्या धंद्याला तोटा नाही.

सल्फेट वापरलं की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. वास त्याचाच. तो लोहाला भेटला की काळा लोह सल्फाइड होतो, आणि मातीला रंग येतो तो यामुळे. काळा रंग म्हणजे माती घाण झाली किंवा त्यात तेल मिसळलं, असं लगेच समजू नये. स्वच्छ, निरोगी खाडीतही वरची पातळ तपकिरी साय बाजूला केली की खाली काळंच लागतं. साय किती जाड आहे, याकडे मात्र जरूर पाहावं. ती नाहीशी होऊन काळा थर थेट पाण्याला भिडला असेल, तर तळाचा श्वास कोंडला आहे असं समजायला हरकत नाही.

पुढे याच काळ्या द्रव्यातून पायराइट हे लोह आणि गंधकाचं खनिज बनतं. सूक्ष्मदर्शकाखाली पायराइटाचे स्फटिक रास्पबेरीच्या फळासारखे गोल झुपक्यांत दिसतात. पाण्याखाली आहे तोवर ते हजारो वर्षं निमूट पडून राहतं.

मग ही माती उपसून किनाऱ्यावर टाकली तर काय बिघडलं?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून इथे जरा थांबतो.

निमूट पडलेल्या पायराइटाला हवा लागली की ते जळायला लागतं. ज्वाळा नसतात, पण रसायन तेच. लोह गंजतं आणि गंधकाचं गंधकाम्ल होतं. हिशेब सरळ आहे: १ किलो पायराइटातून सुमारे १.६ किलो गंधकाम्ल तयार होतं, आणि ते मारायला साधारण तेवढीच चुनखडी लागते. आम्ल वाढलं की ते आवडणारे जिवाणू कामाला लागतात आणि वेग आणखी वाढतो. आठाच्या आसपास सामू (pH; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) असलेली माती काही आठवड्यांत किंवा महिन्यांत चारच्या खाली जाते. तिच्यात पेंढ्यासारख्या फिकट पिवळ्या रंगाचे डाग दिसू लागतात. ते जॅरोसाइट नावाचं खनिज, आणि ते दिसलं की घडायचं ते घडून गेलेलं असतं.

अशा जमिनीवर काही उगवत नाही. मातीतलं ॲल्युमिनियम विरघळून मुळांना मारतं. पहिल्या पावसात आम्लाचं पाणी ओढ्यात उतरतं आणि मासे मरतात. काँक्रीट आणि लोखंडी नळ खाल्ले जातात. समुद्र मागे हटवून मिळवलेल्या जमिनींवर नेदरलँड्सच्या शेतकऱ्यांनी हे शतकांपूर्वी भोगलं. अशा मातीला त्यांनी ‘मांजराची माती’ असं नाव दिलं होतं.

गोदी किंवा जलमार्ग खोल करण्यासाठी उपसा करावा लागतो, हे मला मान्य आहे. पण उपसलेला ढीग कुठे टाकायचा, हे तो उपसण्याआधी ठरायला हवं, आणि तेही मातीची तपासणी करून. सल्फाइड असलेली माती पुन्हा पाण्याखालीच ठेवली तर ती कुणाला काही करत नाही. उघड्यावर ठेवायचीच असेल, तर चुनखडीचा हिशेब आधी करावा. ढीग पिवळा पडल्यावर केलेल्या हिशेबाचा उपयोग नसतो.

असं होणार का, हे आधी ओळखता येतं?

येतं, आणि त्यासाठी फार महागडी यंत्रंही लागत नाहीत. ओल्या मातीचा १ सेंटिमीटर जाड थर हवेशीर ठेवायचा, ओल टिकवायची आणि १६ आठवडे अधूनमधून सामू मोजायचा. तो निदान ०.५ ने उतरून ४ किंवा त्याखाली आला, तर उत्तर मिळालं. प्रयोगाला धीर लागतो, पण त्याच्याइतकं खात्रीचं दुसरं काही नाही.

घाईचा उपाय हायड्रोजन पेरॉक्साइडचा. मेडिकलच्या दुकानात मिळतं तसं ३ टक्क्यांचं द्रावण काळ्या मातीवर टाकलं आणि काळा रंग पाहता पाहता करडा झाला, तर लोह सल्फाइड आहे. पायराइट किती आहे, हे मात्र त्यावरून कळत नाही. तिखट ३० टक्क्यांचं द्रावण प्रयोगशाळेतच, हातमोजे आणि चष्मा घालून वापरावं. माती उकळल्यासारखी फसफसते.

मातीत शिंपल्यांचा चुरा भरपूर असेल तर तो काही आम्ल खातो. म्हणून सल्फाइड आहे का एवढंच न पाहता, त्याला मारणारा चुना किती आहे, हेही पाहावं लागतं.

पाण्याखालून नमुना कसा काढतात?

मऊ सेंद्रिय मातीसाठी अर्धगोल पात्याचा, हाताने फिरवायचा पीट सँपलर (पीट म्हणजे दलदलीत साचलेलं, अर्धवट कुजलेलं वनस्पतींचं द्रव्य). वाळूसाठी हा उपयोगी नाही, तिथे थरथरणारी नळी लागते. सुमारे ७.५ सेंटिमीटर व्यासाची ॲल्युमिनियमची नळी उभी धरायची आणि तिला काँक्रीट बसवायच्या व्हायब्रेटरसारखं यंत्र चिकटवायचं. कंपनाने नळीला लागलेली माती सैल होते आणि नळी स्वतःच्या वजनाने खाली जाते. दोन मीटर सहज. मग तोंड घट्ट बंद करून कप्पीने वर ओढायची. नळीच्या आत माती आखडते, म्हणून बाहेर काढण्याआधी आतली आणि बाहेरची उंची मोजून ठेवणं चुकवू नये. नाहीतर थरांची खोली चुकीची लिहिली जाते.

नळी उभी चिरतात तो क्षण पाहण्यासारखा असतो. वर तपकिरी साय, खाली शाईसारखा काळा पट्टा, त्यात शिंपल्यांचे तुकडे आणि गवताच्या मुळांचे पांढुरके धागे, मग अचानक स्वच्छ करडी वाळू आणि तिच्याखाली पुन्हा काळं. रंग लगेच लिहायचे. कारण हवेत उघडी पडलेली कड डोळ्यांदेखत करडी व्हायला लागते, आणि तासाभराने पाहणाऱ्याला वेगळीच माती दिसते. त्याच कारणाने नमुने थंड ठेवतात.

हाताने काय ओळखता येतं?

बरंच. मूठभर माती घ्या आणि आवळा. बोटांच्या फटीतून काहीच आलं नाही, तर ती घट्ट. थोडी आली आणि बरीच मुठीत राहिली, तर किंचित प्रवाही. जवळजवळ सगळी वाहून गेली आणि मुठीत नुसता लेप उरला, तर अति प्रवाही. अशी माती माणसाचंही वजन पेलत नाही, तेव्हा तिच्यात एकट्याने चालत जाऊ नये. मृदा सर्वेक्षक हीच मुठीची परीक्षा अधिकृतपणे नोंदवतात.

नकाशे कसे करतात? तळ तर दिसत नाही.

होडीतून प्रतिध्वनीने खोली मोजतात, जीपीएसवर जागा नोंदतात आणि भरती-ओहोटीची दुरुस्ती करतात. त्यातून तळाचे उतार दिसतात. पठार, खोलगट, वाळूचा पंखा, कोपऱ्यातली निवांत खाच. एकेका भूरूपावर साधारण एकेक प्रकारची माती सापडते, हे डेमास यांना दिसलं आणि सगळ्या नकाशाशास्त्राचा आधार तोच झाला. जमिनीत डोकावणारा रडार गोड्या पाण्यात चांगला चालतो. खाऱ्या पाण्यात लहरी शोषल्या जातात आणि काहीच दिसत नाही.

सागरी गवताचा याच्याशी काय संबंध?

सागरी गवत ही खरी फुलझाडं आहेत. त्यांना मुळं असतात, बिया असतात. मुळं ज्या मातीत जातात तिथे हायड्रोजन सल्फाइड असतो, आणि तो विषारी आहे. गवत पानांतून मुळांकडे ऑक्सिजन पाठवून स्वतःभोवती एक संरक्षक वलय करतं. पाणी गढूळ झालं, उजेड कमी झाला की ऑक्सिजन कमी पडतो, विष आत शिरतं आणि गवत मरतं. वरून पाहणाऱ्याला दोष पाण्याचा दिसतो, आणि असतोही, पण घाव मुळातून बसतो.

१९३०च्या दशकात एका रोगाने उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यांवरचं झोस्टेरा हे गवत बहुतांश संपवलं. व्हर्जिनियाच्या किनारी खाड्यांत ते साठ-सत्तर वर्षं परतलंच नाही. १९९९ पासून तिथे सात कोटींहून जास्त बिया पेरल्या गेल्या, आणि २०२०पर्यंत सुमारे ३,६०० हेक्टर गवत उभं राहिलं. हे काम डोळ्यांत पाणी आणणारं आहे. सगळीकडे असं यश येत नाही. जागा निवडताना पाण्याइतकीच मातीही तपासावी, असं मला कळकळीनं वाटतं.

शिंपल्यांच्या शेतीला मातीचा अभ्यास उपयोगी आहे?

आहे. अति प्रवाही मातीत शिंपल्या बुडतात आणि गुदमरतात. दुसरी गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. मिलिमीटरभराची पिल्लं तळावर उतरतात, तेव्हा वरच्या थरातलं पाणी आम्लाकडे झुकलेलं असेल तर त्यांचं नाजूक कवच विरघळतं. अशा चिखलात शिंपल्यांचा चुरा मिसळला की जास्त पिल्लं तग धरतात, हे प्रयोगांत दिसलं आहे.

होडीचा नांगर टाकायलाही माती पाहायची?

कायमचा नांगर ठेवायचा असेल तर हो. भूछत्राच्या आकाराचा नांगर मऊ चिखलात रुतून घट्ट धरतो. वाळूवर तो नुसता आडवा पडतो, तिथे जड ठोकळा किंवा स्क्रूचा नांगर बरा.

या मातीत कार्बन साठतो का?

साठतो, कारण ऑक्सिजनविना कुजणं मंद असतं आणि वरून नवी भर पडत राहते. शिवाय खाऱ्या पाण्यातले सल्फेट वापरणारे जिवाणू मिथेन बनवणाऱ्यांना पुरेसं अन्न उरू देत नाहीत, त्यामुळे गोड्या दलदलीच्या मानाने मिथेन कमी सुटतो. पण हा साठा जागेवर राहिला तरच. तळ उकरला की कार्बन परत पाण्यात आणि हवेत जातो.

खोल थरांत झाडांची मुळं आणि पीट कसं सापडतं?

कारण तिथे पूर्वी जमीन होती. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्र आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होता. बर्फ वितळला, पाणी चढत आलं, आणि आजच्या खाड्या म्हणजे त्या पाण्याने गिळलेल्या दऱ्या आणि सखल माळ. म्हणून कित्येक खाड्यांत नळी खाली जाते तसा काळही मागे जातो. वर खाडीची काळी माती, तिच्याखाली किनारी दलदलीचं तपकिरी पीट, त्यात लव्हाळ्याची मुळं अजून जशीच्या तशी गुंतलेली. आणि त्याच्याही खाली चिकणमातीचा असा थर, जो फक्त कोरड्या जमिनीवर, झाडांखाली, पावसाचं पाणी झिरपूनच तयार होऊ शकतो. काही ठिकाणी त्या थरात मुळं रोवून उभे असलेले बुंधेही मिळतात, आणि त्यांचं लाकूड नखाने दाबलं तर अजून टणक लागतं.